दोन फुल, तीन हाफ

मागच्या थंडीत शहरात फुटबॉलचा एक मोठा सामना होता. आमच्या घरात फुटबॉलचं वेड आहे ते नऊ वर्षांच्या लेकीला. सोसायटीच्या आवारात ती मुलांबरोबर खेळते. संघांची नावं, खेळाडूंचे क्रमांक तिला तोंडपाठ असतात. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला तिनेच ताटात वाटाणे मांडून समजावलं होतं. सामन्याची जाहिरात दिसली तशी ती म्हणाली, "अब्बा, या वेळी आपण सगळे जाऊया."

मी मोबाइल घेऊन तिकिटं बघायला बसलो. सगळ्यात स्वस्त तिकीट ७९९ रुपये. मुलांसाठी वेगळा दर नाही. सहा वर्षांच्या धाकट्यालाही पूर्ण तिकीट. पाच जणांचे ३,९९५, वर बुकिंगचा आकार. जायला दोन लोकल आणि पुढे रिक्षा; रात्री उशिरा झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन परतायचं, तर टॅक्सी. आत घरचा डबा चालत नाही, पाण्याची बाटली चालत नाही, म्हणजे तिथलंच घ्यायचं आणि तिथल्याच भावाने. हिशेब सहा हजारांच्या पुढे गेला. आमचा महिन्याचा किराणा साधारण तेवढ्यातच येतो.

मग घरोघरी होतं तेच झालं. बायको म्हणाली, "तुम्ही आणि मोठा जाऊन या. धाकट्याला मी बघते." लेक जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी अम्मीजवळ थांबते. टीव्हीवर रिप्लेपण दिसतात."

मोठा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला क्रिकेट आवडतं. पहिला अर्धा तास त्याने मन लावून सामना पाहिला, नंतर माझ्या मोबाइलवर खेळत बसला. गोल झाला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं आणि मला घरी राहिलेली लेक आठवली. सामना जिला कळत होता ती घरी होती. तिला कुणी मनाई केली नव्हती. कुठला फतवा निघाला नव्हता, दारावर 'मुलींना प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. फक्त दर होता. आणि त्या दरापुढे घरातून कोण वगळायचं, हे मी ठरवलं. विचार न करता, सवयीने ठरवलं.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात आहे, ती इथे मांडतो. दार दोन प्रकारे बंद करता येतं, बंदीने आणि भावाने. बंदीचं कुलूप सगळ्यांना दिसतं, त्याविरुद्ध मोर्चे निघतात, लेख लिहिले जातात. भावाचं कुलूप दिसत नाही, कारण ते प्रत्येक घर आपल्याच हाताने आतून लावून घेतं.

बंदीचं कुलूप

पहिल्या कुलुपाची आपल्याला चांगली ओळख आहे. १९८२ साली जळगावात समाजातल्या काही मंडळींनी मुस्लीम बायकांवर सिनेमाबंदी लादली होती. रझिया पटेल यांनी त्याविरुद्ध उभं राहून दिलेला लढा महाराष्ट्राला माहीत आहे. प्रश्न एखाद्या सिनेमाचा नव्हता. चार लोकांत बसून हसण्या-रडण्याचा हक्क बायकांना आहे की नाही, हा प्रश्न होता.

फुटबॉलच्या मैदानावर हीच गोष्ट अनेक देशांत घडली. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर पुरुषांच्या सामन्यांना बायकांना प्रवेश जवळजवळ बंद झाला. २०१९ मध्ये सहर खुदायारी ही तरुणी पुरुषाच्या वेशात सामना बघायला गेली म्हणून पकडली गेली. तुरुंगवास होणार या भीतीने तिने स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात तिचा जीव गेला. जगभर संताप उसळला. पुढच्याच महिन्यात, १० ऑक्टोबर २०१९ ला, तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराण-कंबोडिया सामन्याला काही हजार बायकांना तिकिटं काढून बसता आलं. सौदी अरेबियात १२ जानेवारी २०१८ ला जेद्दाहच्या स्टेडियममध्ये बायका पहिल्यांदा लीगचा सामना बघायला आल्या, तेही कुटुंबासाठी राखलेल्या भागात.

आणि तुर्कस्तानातली गोष्ट तर मला फार आवडते. २०११ मध्ये प्रेक्षकांच्या दंगामस्तीबद्दल फेनरबाचे क्लबला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळण्याची शिक्षा झाली होती. तिथल्या फुटबॉल महासंघाने शिक्षेचं रूप बदललं. पुरुषांना मज्जाव, बायका आणि १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र मोफत प्रवेश. २० सप्टेंबर २०११ ला मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला ४१ हजारांहून अधिक बायका-मुलं आली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो गॅलरीतला आवाज.

'बायकांना आणि पोरांना कुठे फुटबॉलची आवड असते' असं म्हणणाऱ्यांना इस्तंबूलच्या त्या रात्रीने उत्तर दिलं आहे. तिथे त्या दिवशी दोन्ही कुलपं एकदम निघाली होती, मनाईचं आणि पैशाचं. आपण इराणबद्दल हळहळतो, सौदीतल्या बदलाचं स्वागत करतो. ते योग्यच आहे. पण माझी लेक ज्या कारणाने घरी राहिली, त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

भावाचं कुलूप

भावाचं कुलूप कसं लागत जातं, हे बघायला इंग्लंडकडे बघावं. फुटबॉल तिथे गिरणी-गोदीतल्या कामगारांचा खेळ होता. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात अखेर ९७ लिव्हरपूल समर्थकांचा बळी गेला. त्यानंतर नेमलेल्या लॉर्ड टेलर यांच्या चौकशीने जानेवारी १९९० मधल्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर उभं राहण्याच्या जागा काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला सांगितलं. त्याच अहवालात त्यांनी असंही लिहिलं होतं की खुर्च्या आल्या म्हणून दर गरिबाच्या आवाक्याबाहेर जाण्याचं कारण नाही. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोचं आयब्रॉक्स मैदान दिलं होतं. तिथे उभं राहायला ४ पौंड आणि बसायला ६ पौंड लागत.

खुर्च्या आल्या, पण दराबद्दलचं वाक्य सोयीने विसरलं गेलं. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, आणि तिकिटं स्वस्त होण्याऐवजी महाग होत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध संघ २-० ने पुढे असताना, बरोबर ७७ व्या मिनिटाला, सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालू लागले. तो सामना पुढे २-२ असा सुटला. मालकांनी चार दिवसांत माफी मागितली, दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या वीसही क्लबांनी पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. समर्थकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या मोहिमेचं ते फळ होतं.

म्हणजे दर आभाळातून पडत नाहीत. माणसं ते ठरवतात, आणि माणसांनी धरून लावलं तर ते बदलतात.

पण मला जास्त लागली ती मँचेस्टर युनायटेडची गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम अर्ध्यावर आला असताना, या क्लबने उरलेल्या घरच्या सामन्यांची सदस्यांना मिळणारी तिकिटं सरसकट ६६ पौंडांची केली. आधी ती प्रौढांना ४० आणि मुलांना २५ पौंडांपासून मिळायची. नव्या दरात मुलांना आणि म्हाताऱ्यांना कसलीही सवलत नव्हती. नवरा-बायको आणि दोन मुलं असं घर आधी १३० पौंडांत सामना बघू शकत होतं, ते आता २६४ पौंडांवर गेलं. त्या वेळच्या भावाने अठ्ठावीस हजार रुपये. आठ वर्षांच्या पोराची खुर्ची आणि शहरातल्या बड्या वकिलाची खुर्ची एकाच दराची.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी हाफ तिकीट बंद केलं.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेचीही तीच तऱ्हा आहे. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांनी २०२६ च्या विश्वचषकाचं यजमानपद मागताना सादर केलेल्या आराखड्यात २१ डॉलरपासून तिकिटं दाखवली होती. प्रत्यक्ष विक्री सुरू झाली तेव्हा मागणीप्रमाणे वर चढणारे दर आले आणि अंतिम सामन्याची तिकिटं हजारो डॉलरना विकायला निघाली. आरडाओरडा झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये फिफाने प्रत्येक सामन्यासाठी ६० डॉलरची थोडी तिकिटं जाहीर केली. ती सहभागी देशांच्या निष्ठावान समर्थकांसाठी, आणि एकूण जागांच्या मानाने मूठभर. यावर कुणी म्हणेल की जागतिक स्पर्धा महागच असायची. पण याच फिफाने २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रहिवाशांसाठी १४० रँडची आणि २०२२ मध्ये कतारच्या रहिवाशांसाठी ४० रियालची तिकिटं काढली होती. इच्छा असली की वेगळा दर लावता येतो.

हाफ तिकिटाचं शहाणपण

महाराष्ट्रात हाफ तिकीट समजावून सांगावं लागत नाही. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. आपण सगळे "दोन फुल, तीन हाफ" हे शब्द ऐकत मोठे झालो. एसटीला हे कुणी धर्मादाय म्हणून शिकवलेलं नाही. मूल एकटं प्रवास करत नाही आणि त्याला घरी एकटं सोडून आईबापही करत नाहीत. मुलाचं पूर्ण तिकीट लावलं तर मूल तर येणार नाहीच, आईही येणार नाही. म्हणून हाफ तिकीट दिसायला मुलाचं असलं, तरी खरं ते आईचं असतं.

मार्च २०२३ पासून एसटीने बायकांना निम्म्या दरात प्रवास दिला. त्यानंतर कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर उभं राहून बघावं. आपल्या समाजातल्या कितीतरी बायका, ज्यांना माहेरी जायचं तर भाऊ न्यायला येईपर्यंत थांबावं लागे, त्या आता आपलं आपण तिकीट काढतात. त्यासाठी कुणी भाषण दिलं नाही, कुठली परिषद भरली नाही. दर कमी झाला आणि पाय बाहेर पडला.

फुटबॉलमध्येही हे करून दाखवणारे आहेत. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड हे जुन्या कापड गिरण्यांचं शहर. मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानी वंशाचे मुस्लीम तिथे राहतात. तिथला ब्रॅडफर्ड सिटी क्लब काही श्रीमंत नाही. २०१५-१६ च्या हंगामात तिसऱ्या श्रेणीत खेळत असताना त्याने प्रौढांचा पूर्ण हंगामाचा पास १४९ पौंडांना विकला. घरच्या २३ सामन्यांनी भागलं तर एका सामन्याचे साडेसहा पौंडही होत नाहीत. त्या हंगामात तिसऱ्या श्रेणीचा फुटबॉल बघायला सरासरी अठरा हजारांच्या आसपास माणसं येत होती.

जर्मनीत नियमच असा आहे की क्लबमधल्या मतांचा बहुमताचा वाटा, अर्धा अधिक एक, सभासदांकडे राहिला पाहिजे. यातून अपवाद मोजकेच. मालकच सभासद असले की दर लावताना हात थरथरतो. डॉर्टमुंडच्या मैदानावर एका बाजूला सुमारे २५ हजार लोक उभं राहून सामना बघतात आणि ती जागा आजही सामान्य माणसाला परवडते. तिथल्या अनेक क्लबांच्या तिकिटावर त्या दिवशीचा लोकल-बसचा प्रवासही मोफत असतो. माझ्या हिशेबात तिकिटांच्या साधारण निम्म्याइतका खर्च जाण्या-येण्याचा आणि खाण्याचा होता. त्यामुळे ही सवलत किती मोलाची आहे, हे मला कळतं.

आपल्याकडे काय

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे फुटबॉल बघतोच कोण? ज्याने कोल्हापूर पाहिलं नाही त्यानेच हे विचारावं. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने असले की निम्मं शहर तिकडे असतं. तिथलं तिकीट रिक्षावाल्याच्याही खिशाला झेपतं. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. त्याचे वडील रिक्षा चालवत. खेळाडू असा गॅलरीतून तयार होतो. आधी मूल बापाच्या खांद्यावर बसून बघतं, मग गल्लीत खेळतं, मग मैदानात उतरतं.

केरळातलं मलप्पुरम बघा. २ मे २०२२ ला मंजेरीच्या स्टेडियमवर संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना होता, केरळ विरुद्ध बंगाल. तो रमजानचा शेवटचा रोजा. दुसऱ्या दिवशी ईद. सामना रात्री आठला. इफ्तार आटोपून आलेल्या लोकांनी वीस हजारांहून अधिक क्षमतेचं मैदान भरून गेलं होतं. पेनल्टीत केरळ जिंकलं. मुस्लीमबहुल जिल्ह्यात ईदच्या आदल्या रात्री हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती सगळे एका संघासाठी ओरडत होते. सद्भावनेच्या कार्यक्रमांना मी पुष्कळ हजेरी लावली आहे. तिथे सगळे एकमेकांशी सांभाळून बोलतात. गॅलरीत कुणी सांभाळून बोलत नाही, आणि गोल झाल्यावर शेजारच्याला मिठी मारताना त्याचं नाव विचारत नाही.

२०१७ चा तो विश्वचषक भारतात झाला तेव्हा १३ लाख ४७ हजार प्रेक्षक आले. १७ वर्षांखालील विश्वचषकांतला तो विक्रम ठरला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने 'मिशन वन मिलियन' राबवून दहा लाख मुलांच्या पायाशी फुटबॉल नेण्याचा कार्यक्रम केला. पण मुलाच्या हातात बॉल दिला आणि त्याला चांगला सामना बघायला मिळालाच नाही, तर ते शिकणार कसं? गाणं न ऐकता कुणी गायला शिकत नाही.

याउलट डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात येऊन गेला. खेळायला नव्हे, दर्शन द्यायला. लोकांनी हजारो रुपये मोजले. कोलकात्यात पुढाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या गराड्यात तो दिसलाच नाही, तेव्हा चिडलेल्या लोकांनी खुर्च्या मोडल्या. त्या हजारांतून भारतीय फुटबॉलला एक प्रेक्षक मिळाला असेल असं मला वाटत नाही. तिकडे इंडियन सुपर लीगचे व्यावसायिक हक्क घ्यायला २०२५ मध्ये कुणी बोलीच लावली नाही आणि हंगाम लांबला. टीव्हीचा पैसा आटला की खेळाला हात देतो तो गॅलरीतला माणूस. तो माणूस आज नऊ वर्षांचा आहे. त्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे आज ठरतं.

आक्षेप आणि मागण्या

मित्रांशी बोलताना दोन-तीन आक्षेप आले. पहिला असा की करमणूक हा काही हक्क नाही, परवडत नसेल तर बघू नका. मला तो पटत नाही. आपल्याकडची बहुतेक स्टेडियमं सरकारच्या किंवा महापालिकेच्या पैशाने उभी राहिली आहेत. पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी शासनाने बांधलं. मुंबईत अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल महापालिकेचं. जागा सर्वांची असेल, तर तिथल्या खुर्च्यांचा काही भाग सर्वांना परवडेल असा ठेवा, अशी अट घालण्यात गैर काही नाही.

दुसरा आक्षेप, आयोजकांचं नुकसान होईल. मी ज्या सामन्याला गेलो, तिथे माझ्या डाव्या हाताच्या चार रांगा रिकाम्या होत्या. सामना सुरू झाला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. बाजारातली भाजीवाली हे जाणते. संध्याकाळी उरलेली मेथी ती दहा रुपयांना दोन जुड्या देते, सडवत नाही. शिवाय १५० रुपयांत आलेलं मूल आत वडापाव खातं, संघाचा टी-शर्ट मागतं आणि पुढची चाळीस वर्षं त्या संघाचं होऊन राहतं.

तिसरा, स्वस्त तिकिटं काळ्या बाजारात जातील. त्यावर उपाय सोपा आहे. मुलाचं तिकीट मुलाबरोबरच चालेल. दारावर मूल दिसलं पाहिजे. मूल काही काळ्या बाजारात मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक मैदानावर सामना असेल तर बारा वर्षांखालच्या मुलाला हाफ तिकीट, आणि तेही सर्वांत स्वस्त दराच्या निम्मं. प्रत्येक सामन्याला एक भाग कुटुंबांसाठी, जिथे शिवीगाळ चालणार नाही, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असेल आणि पाणी फुकट मिळेल. मुलं बरोबर असतील तर घरचा डबा आत न्यायला परवानगी. रविवारी आणि सुटीच्या दिवशी सामना लवकर, म्हणजे पोरं शेवटच्या लोकलच्या आत घरी पोचतील. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटं, आणि ती देताना मुली निम्म्या.

सरकारचाही यात भाग आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर १८ टक्के आहे. म्हणजे ७९९ च्या तिकिटात कर धरलेला असेल तर माझ्या पाच तिकिटांमागे सहाशे रुपये सरकारचे झाले असते. ही ५०० ची रेघ आयोजकांनी कुटुंबाच्या जागांसाठी धरली, तरी निम्मं काम होईल.

आणि आपण

हे सगळं क्लबांना आणि सरकारला सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. कारण एक गोष्ट माझ्या मांडणीच्या आड येते आणि ती लपवणं बरं नाही. आपल्या मोहल्ल्यांत रात्री फ्लडलाइट लावून स्पर्धा होतात. त्यांना तिकीट नसतं. तरी मैदानाच्या कडेला बायका आणि मुली किती दिसतात? गच्चीवरून, खिडकीतून बघतात. म्हणजे भावाचं कुलूप काढलं तरी मागे दुसरं असतं, आणि त्याची चावी आपल्याच खिशात आहे. मोहल्ल्याच्या स्पर्धेत पहिल्या दोन रांगा घरच्या बायका-मुलांसाठी ठेवायला कुणाची परवानगी लागते? पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. कुणीतरी आपल्या घरापासून सुरुवात करावी लागते.

मोहम्मद सलाह २०१७ मध्ये लिव्हरपूलला आला. त्यानंतरच्या काळाचा अभ्यास काही संशोधकांनी केला. मर्सीसाइड परिसरात द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले होते, आणि लिव्हरपूल समर्थकांच्या ट्वीटमधला मुस्लीमद्वेष जवळजवळ निम्म्यावर आला होता. एका माणसाने सारं बदललं असं मी म्हणणार नाही. पण एकाच संघासाठी ओरडणाऱ्यांमध्ये काहीतरी विरघळतं, एवढं खरं. आज आपली वस्ती वेगळी, शाळा वेगळी, सोसायटी वेगळी होत चालली आहे. पोरांनी एकमेकांशेजारी बसावं अशा जागा कमी होत आहेत. स्टेडियम ही त्यातली उरलेली एक जागा. तीही भावाने बंद झाली, तर तिथे श्रीमंत हिंदू श्रीमंत मुसलमानाशेजारी बसेल आणि बाकीचे आपापल्या घरी आपापल्या पडद्यासमोर.

त्या सामन्यानंतर मी लेकीशी एक करार केला आहे. पुढच्या वेळी दोनच तिकिटांचे पैसे असले, तर दुसरं तिकीट तिचं. मोठ्याने फारशी कुरकुर केली नाही. धाकटा मात्र रडला. आणि बायको हसून म्हणाली, "माझा नंबर कधी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ते तिकीटखिडकीकडे आहे. ज्या दिवशी तिथे उभं राहून मला एसटीतल्यासारखं "दोन फुल, तीन हाफ" म्हणता येईल, त्या दिवशी घरात कुणाला वगळायचं हे ठरवायची पाळी माझ्यावर येणार नाही.